प्रशिक्षणाला पाठवलं, पुढं काय?

वाचकांचे प्रश्न : शब्बाथशाळा आणि मंडळीचं शिक्षणकाम

या वेळी कोल्हापूर आणि आसपासच्या मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, आलेली पत्रं जवळपास एकाच विषयावरची निघाली. शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या शाळेत, मुलांचं ख्रिस्ती शिक्षण सांभाळणाऱ्या भगिनीला नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यायचं, तर मंडळीनं नेमकं काय करायचं? पत्रं थोडक्यात दिली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शब्बाथशाळेत साठेक मुलं आणि सात शिक्षक आहेत. सुपरिंटेंडंट ताई आठवडाभर प्राथमिक शाळेत नोकरी करतात आणि रविवारी हे काम बघतात. त्यांच्या नेतृत्व-प्रशिक्षणासाठी पंचमंडळानं (मंडळीच्या कारभारी कमिटीनं) यंदा २५,००० रुपये बाजूला काढले आहेत. त्यांना कुठं पाठवावं?
– पंचमंडळाचे सचिव, कोल्हापूर शहर

उत्तर : कुठं पाठवायचं ते नंतर बघू. आधी दोन गोष्टी पंचमंडळात ठरवून घ्या. ताई शिकत असताना रविवारचं काम कोण बघणार? आणि शिकून आल्यावर त्यांच्या हातात काय देणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी कुणी देतच नाही. मग ताई आठवडाभर शिकून येतात, उपासनेत उभं करून त्यांचं कौतुक होतं, टाळ्या वाजतात. आणि पुढच्याच रविवारी खडूचा डबा आणायचा तर खजिनदारांच्या मागं फिरावं लागतं.

म्हणून पैसे देण्याच्या बैठकीतच एक ठराव करा आणि तो इतिवृत्तात लिहा. मसुदा असा चालेल : 'ठरले की, शब्बाथशाळेच्या सुपरिंटेंडंट यांना शिक्षक नेमणे व बदलणे, वार्षिक पाठक्रम ठरवणे आणि मंजूर अंदाजपत्रकातून एका वेळी ३,००० रुपयांपर्यंतचा खर्च स्वतःच्या सहीने करणे हे अधिकार राहतील. पंचमंडळाच्या मासिक बैठकीत शब्बाथशाळेचा विषय घेतेवेळी त्या उपस्थित राहतील.' रक्कम तुमच्या ऐपतीप्रमाणे ठेवा, पण आकडा लिहाच. 'योग्य तो खर्च' असं लिहिलंत की योग्य काय, यावर दर वेळी वाद होणार.

आता शिकायचं काय, ते बघू. ताई शाळेत शिक्षिका आहेत, म्हणजे वर्ग सांभाळणं त्यांना येतंच. त्यांना नवं आहे ते दुसऱ्यांकडून काम करून घेणं. विषयपत्रिका लावून बैठक तासाभरात संपवणं, दुसऱ्याचा पाठ बघून त्यावर बोलणं, काम वाटून देऊन मध्ये हात न घालणं, हिशेब मांडणं आणि बिनपगारी सेवा करणाऱ्या माणसाला न दुखावता 'हे असं चालणार नाही' म्हणणं, हे त्यात येतं. व्यक्तिमत्त्व विकास किंवा भाषणकलेच्या शिबिरात यातलं फारसं काही मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी आयोजकांना विचारा : प्रशिक्षणार्थीला स्वतःच्या मंडळीत करायचं काम देता का? ते काम कुणी येऊन बघतं का? शिकवणं मराठीत आहे का? संपल्यावर निदान सहा महिने संपर्क ठेवता का? दोनांची उत्तरं 'नाही' अशी आली, तर ते शिबीर आहे; प्रशिक्षण नव्हे.

पाठ बघणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो. हे कौशल्य आलं की बाकीचं निम्मं सोपं होतं. समजा, नऊ-दहा वर्षांच्या मुलांना जक्कयाचा पाठ चालू आहे : येशूला बघायला झाडावर चढलेला आणि लुबाडलेलं चौपट परत देईन म्हणालेला जकातदार. ताई मागच्या बाकावर वही घेऊन पंधरा मिनिटं बसतात. शिक्षिका विचारते, 'उंबराच्या झाडावर कोण चढलं?' पुढची दोन मुलं 'जक्कय!' म्हणून ओरडतात, मागचा एकजण सवयीनं 'येशू' म्हणतो, वर्ग हसतो आणि पाठ पुढं सरकतो. ताईंच्या वहीत नोंद तीन ओळींची : 'बारा मिनिटं शिक्षिका बोलली, तीन मिनिटं मुलं. खिडकीजवळची तिघं गप्प. चौपट परत देण्याबद्दल एकही प्रश्न नाही.' या नोंदीत 'छान' नाही, 'तयारी कमी' नाही. जे दिसलं तेवढंच आहे. दोन दिवसांच्या आत, एकटीला गाठून ताईंनी तिला एक जमलेली गोष्ट सांगायची आणि एकच बदल सुचवायचा : 'पुढच्या वेळी एका शब्दात उत्तर येणार नाही असा एक प्रश्न लिहून आण. लोक का कुरकुरले, हे विचारता आलं असतं.' पाच बदल सुचवले तर एकही होत नाही, आणि सगळ्यांसमोर सांगितलं तर ती शिक्षिका पुढच्या रविवारी यायचीच नाही. महिन्याला दोन वर्ग, या हिशेबानं चार महिन्यांत सातही शिक्षक बघून होतात.

कुठं पाठवावं? नोकरी करणाऱ्या बाईला तीन वाटा असतात. पहिली, बिशपच्या प्रांताकडून किंवा शब्बाथशाळांच्या संघटनांकडून होणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा. पाठ तयार करण्याच्या पद्धतींसाठी त्या चांगल्या, नेतृत्वासाठी अपुऱ्या. दुसरी, घरी राहून करायचा अभ्यासक्रम. सेरामपूर कॉलेजच्या सिनेटचे (पदव्या देणाऱ्या मंडळाचे) असे ख्रिस्ती अभ्यासक्रम आहेत. सेरामपूरची स्थापना १८१८ ची आणि पदवी देण्याचा अधिकार १८२७ च्या डॅनिश राजाच्या सनदेचा, त्यामुळं तिथल्या प्रमाणपत्राला ख्रिस्ती संस्थांमध्ये वजन आहे. तिसरी वाट निवासी सेमिनरीची, म्हणजे पाळक आणि सेवक घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेची. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. १९५३ साली यवतमाळला सुरू झालेली ही संस्था १९८३ मध्ये पुण्याला आली. तुमच्या ताईंना यंदा तरी दुसरी वाट आणि तिला जोडून एखादी कार्यशाळा पुरेल. एक मात्र बघून घ्या. पत्रकावर 'डिप्लोमा' छापलेलं असतं, पण तो सिनेटचा, एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या संस्थेचा, की नुसता त्या शिबिराचा, हे लिहिलेलं नसतं. लेखी विचारा.

वेळापत्रक कॅलेंडर समोर ठेवून लावा. एप्रिलअखेर आणि मे व्ही.बी.एस.मध्ये (मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत) जातो, नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळची गडबड. जुलैअखेर ते ऑगस्ट पुण्याला जायचा बेत नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. राहतात सप्टेंबर, दिवाळीची सुट्टी आणि जानेवारीपासून राखेच्या बुधवारापर्यंतचे (उपवासकाळ सुरू होईपर्यंतचे) आठवडे. शाळेतल्या शिक्षिकेला सलग पाच-सहा दिवस मोकळे मिळतात ते दिवाळीतच. पण दिवाळीच्या सुट्टीवर घरच्यांचाही हक्क असतो, तेव्हा घरी विचारून मगच नाव नोंदवा.

पंचवीस हजारांची वाटणी साधारण अशी करता येईल : शुल्क ८,०००, पुस्तकं आणि साहित्य ३,०००, प्रवास २,०००, त्या शिकत असताना घरकामाला किंवा मुलं सांभाळायला मदतीसाठी ४,०००, मार्गदर्शक बाईंच्या (त्यांच्याबद्दल पुढं सांगतो) येण्याजाण्यासाठी २,०००, परत आल्यावर शब्बाथशाळेत करून बघायच्या उपक्रमासाठी ५,००० आणि हाताशी १,०००. प्रवासाचा आकडा लहान दिसतो, कारण १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मं तिकीट आहे. घरच्या मदतीचे चार हजार वाचून काहींच्या भुवया वर जातील. 'घरचं काय, त्या बघतीलच' असं म्हणून हा खर्च कापला, की सासूबाईंचं दुखणं निघतं किंवा मुलाची चाचणी येते आणि अभ्यास दुसऱ्या महिन्यात बंद पडतो. पैसे आगाऊ द्या. 'बिलं आणा, मग बघू' ही पद्धत पगारदार माणसालाही जड जाते.

मार्गदर्शक म्हणून मंडळीबाहेरची, असं काम केलेली एखादी ज्येष्ठ बाई शोधा. निवृत्त मुख्याध्यापिका चालेल. महिन्यातून एकदा दीड तास. त्यात ताईंनी एक अडलेली गोष्ट मांडायची आणि मार्गदर्शकांनी आधी प्रश्न विचारायचे. मंडळीतलीच बाई नेमली तर तिथल्या नातेसंबंधांमुळं खरं बोलणं होत नाही.

प्रश्न : मी दोन वेळा प्रशिक्षणाला जाऊन आले. परत आले की पाळकसाहेब म्हणतात, 'छान झालं, आता नाताळचं नाटक बसवा.' कमिटीच्या बैठकीला बोलावत नाहीत. बोलावलं तरी बैठक रात्री साडेआठला असते. मला गावातून परत जायचं असतं. काय करू?
– एक शिक्षिका, कोडोली

उत्तर : ताई, बैठकीच्या वेळेपासून सुरुवात करा, कारण ते मागणं साधं आहे आणि नाकारायला कारण सापडत नाही. पत्र लिहा : 'शब्बाथशाळेचा विषय असेल त्या महिन्याची बैठक रविवारी उपासनेनंतर घ्यावी, अथवा हा विषय पहिला घ्यावा.' अर्ज सचिवांच्या नावे, एक प्रत पाळकसाहेबांना. तुमच्या प्रतीवर पोच घ्या.

मग दर महिन्याला एका पानाचा अहवाल द्यायला लागा, कुणी मागितला नाही तरी. वर्गवार हजेरी, आलेले आणि न आलेले शिक्षक, खर्च आणि शिल्लक. आणि शेवटी एक रकाना : 'कमिटीचा निर्णय हवा'. तिथं दर वेळी एकच, हो-नाही उत्तराचा प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, 'तेरा ते पंधरा वयोगटासाठी वेगळा वर्ग जानेवारीपासून सुरू करावा काय?' हा रकाना रिकामा सोडला, तर अहवाल वाचून 'आभार' म्हणतात आणि पुढचा विषय घेतात. निर्णय मागितला की इतिवृत्तात लिहावं लागतं. दोन-तीन महिने तुम्ही नसताना अहवाल वाचला गेला की कुणीतरी म्हणतंच, 'त्यांनाच बोलवा की.'

नाटकाचं म्हणाल, तर 'जमणार नाही' एवढंच म्हणू नका. ते काम कुणाकडं द्यायचं, हेही सांगा. 'यंदा नाटक तरुण संघानं बसवावं, मुलं मी पाठवते, पहिली तालीम नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी.' आणि एकदा दिलं की तालमीला जाऊन बसू नका. मेंढपाळांच्या डोक्याला टॉवेल बांधायचा की मफलर, हे त्यांचं त्यांना ठरवू दे. नाटक थोडं फसलं तरी चालेल. पुढच्या वर्षी ते तुमच्याकडं परत येणार नाही, हे महत्त्वाचं.

प्रश्न : आमच्या शब्बाथशाळेच्या बाईंच्या प्रशिक्षणाचा सगळा खर्च द्यायला मंडळीतल्या एका कुटुंबाचे काका तयार आहेत. ते कॅनडात असतात. पैसे मंडळीच्या खात्यात घेतले तर चालेल का?
– खजिनदार, इचलकरंजी

उत्तर : पहिल्यांदा त्यांचा पासपोर्ट कोणता, ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असतील, तर ते विदेशी देणगीत मोडत नाहीत. पासपोर्टची प्रत आणि स्वतःच्या कमाईतून देत असल्याचं पत्र फाइलला लावा.

त्यांनी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र ती विदेशी देणगी. ओ.सी.आय. कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, आणि इचलकरंजीतल्या त्यांच्या खात्यातून रुपयांत दिले तरी. एफ.सी.आर.ए. (विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या मंडळीनं ती घेऊ नये. 'अमक्या संस्थेची नोंदणी आहे, त्यांच्याकडून वळती करून घेऊ' हा सल्ला अजूनही ऐकू येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला विदेशी निधी देणं बंद झालं आहे, मग दुसरीची नोंदणी असो वा नसो. पुतण्याच्या खात्यावर मागवून मंडळीत भरणं तर त्याहून वाईट.

सरळ वाट ही : बाई जिथं शिकणार आहेत, त्या सेमिनरीचीच एफ.सी.आर.ए. नोंदणी आहे का बघा. असेल तर काकांनी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या सेमिनरीच्या ठरावीक खात्यात शिष्यवृत्तीसाठी म्हणून थेट देणगी द्यावी आणि सेमिनरीनं आपल्या नियमानं शिष्यवृत्ती द्यावी. पैसे हलवण्याआधी सी.ए.ना एकदा कागद दाखवा. घरखर्च, पुस्तकं, प्रवास एवढं मंडळीनं गावातूनच उभं करावं. ती रक्कम काही फार मोठी नसते.

प्रश्न : आमच्याकडं एक तरुण शिक्षिका हुशार आहे. तिला पुढं आणायचं आहे, पण पाळकानं तिला वेळ दिला की लोक बोलतात. शिवाय मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यावं असं म्हणतात. ते नेतृत्वाच्या प्रशिक्षणात येतं का?
– एक पाळक, गडहिंग्लज

उत्तर : लोकांच्या बोलण्यावर उपाय सोपा आहे, पाळकसाहेब : ठरावीक वार, ठरावीक वेळ, मंडळीच्या कार्यालयात, दार उघडं आणि आवारात आणखी कुणीतरी. रात्रीचे फोन आणि लांबलचक व्हॉट्सॲप संदेश दोघांनीही टाळावेत. बहुतेक काम ज्येष्ठ बाईकडं सोपवता आलं तर उत्तम. पण बोलतील या भीतीनं तिला वेळच न देणं हा तिच्यावर अन्याय आहे; तरुण मुलांना तुम्ही गाडीवर मागं बसवून सभांना नेता, तिला तेही मिळत नाही. तिला आणि दुसऱ्या एका शिक्षिकेला मिळून न्या. काम उघडपणे द्या, म्हणजे उपासनेत सूचना देताना तिचं नाव आणि जबाबदारी स्पष्ट सांगा.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर ते आधी यायला हवं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि हाताखालच्या माणसाबद्दल संस्थेच्या प्रमुखानं गप्प बसल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. 'आधी कमिटीत बसून बघू, मंडळीचं नाव जाईल' याला कायद्यात जागा नाही. शिक्षिकेनं मुलाला खोदून खोदून विचारायचं नाही. जे त्यानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि कळवायचं. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वर्गाच्या दारावर लावा. एका वर्गात दोन मोठी माणसं, लहान मुलांना स्वच्छतागृहाकडं नेताना कुणाला तरी सांगून जाणं, सहलीला पालकांची लेखी परवानगी : एवढं पहिल्या महिन्यात लागू करता येतं.

शिक्षिकांच्या स्वतःच्या संरक्षणाचंही बघा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी, स्वेच्छेनं काम करणाऱ्यांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते. हे त्या तरुणीला प्रशिक्षणातच कळू द्या.

प्रश्न : बाईमाणसानं तरुणांच्या वर्गाचं पुढारीपण करणं शास्त्राला धरून आहे का?
– मंडळीतले एक वडील, पन्हाळा तालुका

उत्तर : पाळकपदाच्या दीक्षेचा आणि व्यासपीठावरून उपदेश करण्याचा प्रश्न प्रत्येक मंडळी आपापल्या घटनेप्रमाणे सोडवते, त्यात आम्ही पडत नाही. शब्बाथशाळा चालवणं हे शिकवण्याचं आणि कारभाराचं काम आहे. प्रेषितांची कृत्ये १८:२६ मध्ये प्रिस्किल्ला आणि तिच्या नवऱ्यानं अपुल्लोस या विद्वान उपदेशकाला जवळ घेऊन मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, असं आहे. आणि अपुल्लोस काही शब्बाथशाळेतला पोर नव्हता. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं.

प्रश्न : आमच्या मुलीला नोकरी सोडून सेमिनरीत निवासी बी.डी. (धर्मशिक्षणाची पदवी) करायचं आहे. मंडळी खर्च देते म्हणते, पण पाच वर्षं इथंच सेवा करण्याचा बाँड आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून मागते. हे मान्य करावं का?
– पालक, कोल्हापूर

उत्तर : नोकरी सोडण्याआधी तिनं वर्षभर घरी राहून करायचा एखादा अभ्यासक्रम करून बघावा. अभ्यासाची गोडी आहे की फक्त कामाचा उत्साह, ते त्यात समजतं. नोकरीत बिनपगारी रजेचा नियम असेल तर तीही विचारून घ्या.

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडंही ठेवू नका. साक्षांकित प्रती द्या. बाँडऐवजी दोन्ही बाजूंचा करार मागा. ती किती वर्षं सेवा देईल, हे त्यात लिहा आणि मंडळी तिला कोणतं पद, किती मानधन आणि राहायला काय देईल, हेही लिहा. मध्येच सोडल्यास शिल्लक काळाच्या प्रमाणात खर्च परत, एवढंच कलम ठेवा. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली तर काय, हे आत्ताच लिहून घ्या. हा मुद्दा सगळ्यांच्या मनात असतो आणि कागदावर कुणीच आणत नाही. मंडळी पदाचं आणि मानधनाचं लिहून द्यायला तयार नसेल, तर मंडळीचे पैसे घेऊ नका. सेमिनरीकडंच शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा.